होम थिएटरच्या सबवूफरसाठी केबल निवडताना

सबवूफर, म्हणजे फक्त बास, खालच्या पट्टीतला आवाज, वाजवणारा स्पीकर. त्याच्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलींच्या वेष्टनांवर 'खोल बास', 'दमदार ठोका' अशी आश्वासने सर्रास छापलेली असतात, आणि ती वाचून केबल जितकी जाड तितका बास भारदस्त, अशी अनेकांची समजूत होते. बास निर्माण होतो तो सबवूफरमधील अँप्लिफायर, त्याचा कोन (पुढे-मागे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा) आणि सबवूफर जिथे ठेवला आहे ती खोली यांच्या मेळातून. केबलकडे काम असते ते फक्त सिग्नल एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे पोहोचवण्याचे, आणि सबवूफरचा सिग्नल विद्युतदृष्ट्या इतका सोपा असतो की कोणतीही धड केबल तो बिनबोभाट पोहोचवते. केबलमुळे खरे नुकसान होऊ शकते ते एकाच प्रकारे: सिग्नलबरोबर ती बाहेरचा विद्युत उपद्रवही आत येऊ देते, आणि हा उपद्रव नेमका सबवूफरच्या पट्ट्यातला असतो. त्यामुळे केबल पारखताना तिचे बाहेरचे आवरण, प्लगची पकड आणि लांबी या गोष्टींकडे लक्ष द्यावे. बाकीच्या बहुतेक दाव्यांकडे दुर्लक्ष केले तरी काही बिघडत नाही.

आधी सबवूफरची मागची बाजू पाहावी

केबल विकत घेण्यापूर्वी सबवूफर कोणत्या जातीचा आहे हे ठरवावे लागते. त्याला विजेची स्वतंत्र वायर असेल आणि मागे आवाज कमी-जास्त करण्याचे बटण असेल, तर तो ॲक्टिव्ह सबवूफर आहे, म्हणजे त्याचा अँप्लिफायर त्याच्याच खोक्यात आहे. आज घरगुती वापरासाठी स्वतंत्रपणे विकले जाणारे बहुतेक सबवूफर याच प्रकारचे असतात. विजेची वायर नसेल आणि मागे फक्त लाल-काळ्या रंगाचे स्पीकरचे टर्मिनल असतील, तर तो पॅसिव्ह आहे आणि त्याला बाहेरच्या अँप्लिफायरकडून शक्ती मिळते. एकाच खोक्यात मिळणाऱ्या तयार होम थिएटर संचांमध्ये असे पॅसिव्ह सबवूफर बऱ्याचदा दिसतात.

या दोन प्रकारांच्या केबलींमधला फरक किती मोठा आहे हे आकड्यांतून स्पष्ट होते. ॲक्टिव्ह सबवूफरकडे जाणारा सिग्नल साधारण १ व्होल्टच्या आसपास असतो आणि सबवूफरच्या इनपुटचा रोध १० हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो, म्हणजे केबलमधून वाहणारा प्रवाह जेमतेम ०.१ मिलिअँपिअर. पॅसिव्ह सबवूफर ४ ओहमचा असेल आणि त्याला १०० वॉट शक्ती दिली जात असेल, तर त्याच्या वायरीतून ५ अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे दुसऱ्या वायरीवरचा भार पहिलीच्या पन्नास हजार पट आहे. पहिल्या ठिकाणी वायरीची जाडी जवळजवळ निरर्थक असते आणि आवरण महत्त्वाचे ठरते. दुसऱ्या ठिकाणी आवरणाची गरज नसते आणि जाडी महत्त्वाची ठरते. एकीचे नियम दुसरीला लावल्यामुळेच केबलींविषयीचे निम्मे गैरसमज जन्माला येतात, असे माझे मत आहे.

याच कारणामुळे एक सूचना सुरुवातीलाच देणे आवश्यक आहे. आरसीए केबल, म्हणजे मध्ये पिन आणि भोवती धातूची कडी असलेल्या गोल प्लगची केबल, मधोमध कापून तिची टोके अँप्लिफायरच्या स्पीकर आउटपुटला जोडण्याचा उद्योग कोणी करू नये. स्पीकर आउटपुटवर काही दशक व्होल्ट येऊ शकतात, तर सबवूफरचे आरसीए इनपुट एक-दोन व्होल्टच्या सिग्नलसाठी बनवलेले असते. तेथे आवाज फाटणे ही किमान शिक्षा असते आणि इनपुटचे सर्किट जळणे ही कमाल. तयार संचांपैकी काहींमध्ये स्पीकरच्या शक्तिशाली आउटपुटसाठीही आरसीएसारखेच दिसणारे सॉकेट वापरलेले असते, त्यामुळे सॉकेटच्या आकारावरून अंदाज न बांधता पुस्तिका पाहणे श्रेयस्कर.

नेहमीची जोडणी

ॲक्टिव्ह सबवूफर आणि एव्ही रिसिव्हर (होम थिएटरमधला आवाज सर्व स्पीकरांना वाटून देणारे यंत्र) यांची नेहमीची जोडणी एकाच आरसीए केबलने होते. रिसिव्हरच्या मागे 'सब प्री आउट', 'सबवूफर आउट' किंवा 'एलएफई' असे लिहिलेले सॉकेट असते. काही यंत्रांवर ते जांभळ्या रंगाचे असते. तेथून निघालेली केबल सबवूफरच्या 'एलएफई' किंवा 'लाइन इन' सॉकेटमध्ये जाते. '५.१' (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मधला '.१' म्हणजे चित्रपटातल्या स्फोट-गडगडाटासाठी राखून ठेवलेला हा एलएफई ध्वनिपट, आणि डॉल्बी डिजिटल या ध्वनिपद्धतीत त्याची मर्यादा १२० हर्ट्झपर्यंत असते. त्याखेरीज, रिसिव्हरमध्ये इतर स्पीकर 'स्मॉल' ठरवलेले असतील तर त्यांच्या वाट्याचा खालच्या पट्टीतला आवाजही, साधारणपणे ८० हर्ट्झच्या खालचा, याच केबलमधून सबवूफरकडे वळवला जातो. थोडक्यात, या केबलमधून जे काही जाते ते फार तर दोनशे हर्ट्झपर्यंतचे असते.

हा आकडा ध्यानात ठेवला की जाहिरातींतले बरेच दावे आपोआप गळून पडतात. केबलची धारकता, म्हणजे तिच्यात विद्युतभार साठवण्याची जी अंगभूत प्रवृत्ती असते ती, वरच्या पट्टीतला आवाज थोडा दाबू शकते हे खरे आहे. पण मीटरला १०० पिकोफॅरड धारकतेची १० मीटर केबल आणि १ हजार ओहम रोधाचे आउटपुट असे बऱ्यापैकी प्रतिकूल उदाहरण घेतले, तरी हा परिणाम सुरू होतो तो सुमारे १ लाख ६० हजार हर्ट्झला. माणसाचे कान २० हजारांच्या वर काही ऐकत नाहीत आणि सबवूफर त्याच्याही कितीतरी आधी थांबतो. तारेच्या पृष्ठभागावरूनच प्रवाह वाहतो म्हणून विशेष विणीची तार हवी, हा दावाही असाच आहे. १०० हर्ट्झला तांब्यामध्ये प्रवाह साडेसहा मिलिमीटर खोलीपर्यंत सहज शिरतो आणि केबलची तार इतकी जाड नसतेच. मधली तार बारीक असून तिचा एकूण रोध अगदी १ ओहम भरला, तरी १० हजार ओहमच्या इनपुटपुढे तो दहा हजारांत एक भाग एवढाच होतो.

'७५ ओहम' हा शब्दप्रयोगही अनेकांना बुचकळ्यात पाडतो. हा आकडा तारेचा रोध सांगत नाही; व्हिडिओ किंवा डिजिटल सिग्नलसारख्या अतिवेगवान लहरी केबलच्या टोकावरून परावर्तित होऊ नयेत म्हणून पाळायचे ते एक प्रमाण आहे. केबलची लांबी लहरीच्या लांबीशी तुलना करण्याजोगी असेल तेव्हाच त्याचा संबंध येतो, आणि १०० हर्ट्झच्या सिग्नलची केबलमधील तरंगलांबी सुमारे २ हजार किलोमीटर भरते. तेव्हा सबवूफरसाठी केबल ७५ ओहमचीच असली पाहिजे असे नाही. मात्र मधल्या तारेभोवती धातूचे आवरण असलेल्या ७५ ओहमच्या कोअ‍ॅक्सिअल केबली बहुधा चांगल्या आवरणाच्या असतात, म्हणून त्या सबवूफरला उत्तम चालतात. डिजिटल ऑडिओसाठी घेतलेली कोअ‍ॅक्सिअल केबल, किंवा जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेली व्हिडिओची पिवळी केबल लांबीला पुरत असेल आणि तिचे प्लग घट्ट बसत असतील, तर ती वापरून पाहण्यात काहीच गैर नाही. प्लगचा रंग ही फक्त ओळखीची सोय आहे. केबल कोणत्याही रंगाची चालते, सॉकेट मात्र योग्यच लागते. रिसिव्हरवरच्या नारिंगी डिजिटल सॉकेटमध्येही आरसीए प्लग बेमालूम बसतो, आणि तेथे सबवूफर जोडला तर हाती काही लागत नाही.

हम कोठून येतो

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. घरातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असतो, काही देशांत ६० हर्ट्झचा. या वारंवारतेचा आणि तिच्या पटींचा, म्हणजे १००, १५० हर्ट्झ वगैरेंचा, उपद्रव ध्वनिसिग्नलमध्ये मिसळला की 'घूंऽऽ' असा न थांबणारा आवाज येतो. त्यालाच सर्वजण हम म्हणतात. छोट्या स्पीकरला ५० हर्ट्झचा स्वर धड वाजवताच येत नाही, त्यामुळे तेथे तो लपून जातो. सबवूफर मात्र नेमका त्याच कामासाठी बनवलेला असतो आणि तो हा स्वर इमानेइतबारे वाजवतो. त्यातच सबवूफर बहुधा रिसिव्हरपासून दूर, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात असतो, त्याची केबल संचातल्या इतर सिग्नल केबलींपेक्षा लांब असते आणि तो वेगळ्या प्लग पॉइंटवर जोडलेला असतो. हमला पोषक अशा सर्व गोष्टी एकाच यंत्राच्या वाट्याला आलेल्या असतात.

हम केबलमध्ये तीन वाटांनी शिरतो आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. पहिली वाट विद्युत क्षेत्राची. जवळून जाणारी विजेची वायर आपल्याभोवती बदलते विद्युत क्षेत्र निर्माण करते आणि उघड्या तारेत ते अलगद उतरते. त्यासाठीच कोअ‍ॅक्सिअल केबलमध्ये मधल्या तारेभोवती धातूचे आवरण असते. हे आवरण दोन प्रकारचे असते: बारीक तारांची विणलेली जाळी किंवा ॲल्युमिनिअमचा वर्ख. वर्ख पूर्ण झाकतो, त्यामुळे रेडिओ लहरींसारख्या उच्च वारंवारतेच्या उपद्रवाला तो चांगला अडवतो. जाळीत सूक्ष्म छिद्रे राहतात, पण तिच्यात तांबे अधिक असल्यामुळे तिचा रोध कमी असतो. चांगल्या केबलीत बहुधा दोन्ही असतात. पण एकच मिळणार असेल, तर सबवूफरसाठी दाट तांब्याची जाळी निवडावी, आणि त्याचे कारण दुसऱ्या वाटेत दडलेले आहे.

दुसरी वाट ग्राउंड लूपची. रिसिव्हर एका प्लग पॉइंटवर आणि सबवूफर दुसऱ्यावर असेल, दोघांनाही अर्थिंग असेल किंवा रिसिव्हरला केबल टीव्हीच्या अथवा छपरावरच्या अँटेनाच्या वायरीमार्फत जमिनीशी आणखी एक संबंध मिळाला असेल, तर या ठिकाणांच्या जमिनीच्या पातळीत किंचित विद्युत फरक असतो. तो फरक भरून काढण्यासाठी जो लहानसा प्रवाह वाहतो, त्याला दोन यंत्रांना जोडणाऱ्या आरसीए केबलचे आवरण हा सोयीचा रस्ता सापडतो. अडचण अशी की आरसीए जोडणीत हेच आवरण सिग्नलची परतीची तारही असते. एकाच नळजोडणीवर दोन घरे असली की एकाने तोटी उघडताच दुसऱ्याच्या पाण्याची धार बदलते, तसाच हा प्रकार आहे: आवरणातून उपद्रवी प्रवाह वाहिला की त्याच्या रोधावर जे व्होल्टेज पडते ते थेट सिग्नलमध्ये मिळते. समजा हा प्रवाह १ मिलिअँपिअर आहे. आवरणाचा रोध अर्धा ओहम असेल तर सिग्नलमध्ये अर्धा मिलिव्होल्ट हम मिसळतो. दाट जाळीमुळे तो रोध ०.१ ओहम असेल तर ०.१ मिलिव्होल्ट, म्हणजे १४ डेसिबलने कमी. चित्रपटातल्या शांत प्रसंगी सिग्नल स्वतःच काही मिलिव्होल्टांवर आलेला असतो, तेव्हा हा फरक कानाला जाणवू शकतो. 'सबवूफर केबल' म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलीत खरोखर काही वेगळे असायला हवे असेल, तर ते हेच: कमी रोधाचे, भरगच्च तांब्याचे आवरण.

तिसरी वाट चुंबकीय क्षेत्राची. मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळून किंवा जास्त प्रवाहाच्या वायरीजवळून केबल गेली की चुंबकीय क्षेत्रामुळेही हम उतरतो, आणि ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला तांब्याची किंवा ॲल्युमिनिअमची पातळ आवरणे जवळजवळ अडवतच नाहीत. तेथे उपाय अंतराचा आहे. सबवूफरची केबल विजेच्या वायरीला चिकटवून समांतर नेऊ नये, दोघींमध्ये वीतभर तरी जागा ठेवावी, आणि एकमेकींना ओलांडणे अपरिहार्य असेल तेथे त्या काटकोनात ओलांडाव्यात.

हम आधीपासून येत असेल तर नवी केबल घेण्याआधी तो कोठून येतो हे शोधून काढता येते. प्रथम सर्व यंत्रे बंद करून सबवूफरच्या टोकाची केबल काढावी आणि सबवूफर एकटाच सुरू करावा. हम तरीही येत असेल तर दोष सबवूफरमध्येच आहे आणि कोणतीही केबल तो दूर करणार नाही. शांतता असेल तर पुन्हा सर्व बंद करून सबवूफरच्या टोकाला केबल जोडावी, रिसिव्हरकडचे टोक मोकळे ठेवावे आणि मग सबवूफर सुरू करावा. आता हम आला तर त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण मोकळे टोक अँटेनासारखे वागते. केबल दोन्हीकडे जोडल्यावर येणारा हम टीव्हीची अँटेना किंवा केबल टीव्हीची वायर रिसिव्हरच्या संचापासून सोडवताच थांबला, तर तो ग्राउंड लूपच. अशा वेळी सबवूफर आणि रिसिव्हर एकाच प्लग पॉइंटवरून चालवून पाहणे हा पहिला उपाय. तो शक्य नसेल तर लाइन लेव्हलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना न जोडता सिग्नल पलीकडे देणारा) केबलच्या मध्ये बसवता येतो, मात्र तो २० हर्ट्झपर्यंत नीट काम करणारा आहे याची खात्री करून घ्यावी, कारण हलक्या दर्जाचे ट्रान्सफॉर्मर नेमक्या सर्वांत खालच्या स्वरांवर कोलमडतात आणि हमबरोबर बासही नेतात. विजेच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून हम घालवण्याचा सल्ला अधूनमधून कोणीतरी देते. हम त्याने जातोही, पण यंत्रात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या भागावर प्राणघातक विद्युतदाब येऊ शकतो. तो उपाय कधीही करू नये.

प्लग, वाय केबल आणि सोन्याचा मुलामा

केबल निकामी होते ती बहुतेक वेळा टोकाशी. प्लगच्या आत आवरणाचा सांधा सैल झाला की सिग्नल जात राहतो, पण परतीचा मार्ग तुटक होतो आणि भयंकर हम सुरू होतो. केबल हलवली की तो कमी-जास्त होतो, हीच त्याची खूण. त्यामुळे प्लगला केबल जिथे मिळते तेथे ती वाकू नये म्हणून रबराचा किंवा स्प्रिंगचा आधार आहे का, प्लगची बाहेरची कडी सॉकेटवर घट्ट पण जबरदस्ती न करता बसते का, हे पाहावे. काही दिमाखदार प्लग इतके आवळून बसतात की काढताना यंत्राचे सॉकेटच निखळून हातात येण्याची भीती असते. सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग एवढाच की तो गंजत नाही. दमट हवेत, वर्षानुवर्षे न हलवल्या जाणाऱ्या जोडणीत त्याला अर्थ आहे. आवाजात त्याने फरक पडत नाही.

काही सबवूफरांवर एलएफई सॉकेट नसते, त्याऐवजी डावे आणि उजवे अशी दोन इनपुट असतात. त्यांपैकी एकावर बहुधा 'मोनो' किंवा 'एलएफई' असेही लिहिलेले असते. केबल तेथे जोडावी. एका टोकाची दोन टोके करणारी वाय केबल लावून दोन्ही इनपुटांना सिग्नल दिला तर आतमध्ये दोन्ही सिग्नलांची बेरीज होऊन पातळी वाढते, बऱ्याच सबवूफरांत ६ डेसिबलपर्यंत. ही वाढ आवाजाचे बटण फिरवूनही मिळते, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी वाय केबल घेण्याची गरज नाही. तिचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी होतो: सिग्नल आला की आपोआप सुरू होणारा सबवूफर हळू आवाजात जागाच होत नसेल, तर वाढलेल्या पातळीमुळे तो जागा होतो. एका आउटपुटवरून दोन सबवूफर चालवण्यासाठीही वाय केबल बिनधास्त वापरता येते. याच्या उलट, दोन आउटपुट वाय केबलने एकत्र करून एका इनपुटला कधीही देऊ नयेत, कारण तसे केल्यास दोन्ही आउटपुट एकमेकांवरच भार टाकू लागतात.

आरसीएखेरीज इतर वाटा

स्टुडिओत वापरले जाणारे आणि काही महागडे सबवूफर एक्सएलआर (तीन पिनांची) जोडणी देतात. तिच्यात सिग्नल एका तारेवरून जसाच्या तसा आणि दुसरीवरून उलटा करून जातो आणि आवरण वेगळे राहते. वाटेत मिसळलेला उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच असतो, त्यामुळे पलीकडे दोन्हींमधला फरक घेतला की तो वजा होऊन जातो. पंधरा-वीस मीटरांच्या लांब जोडणीसाठी याहून चांगला मार्ग नाही, पण दोन्ही यंत्रांवर एक्सएलआर असेल तरच. एका टोकाला आरसीए असताना साधा अ‍ॅडॉप्टर लावल्याने प्लगचा आकार तेवढा जुळतो, बाकी गुण आरसीएचेच राहतात.

सबवूफरसाठी वेगळे आउटपुटच नसलेल्या स्टिरिओ अँप्लिफायरला सबवूफर जोडायचा असेल, तर सबवूफरवरचे 'हाय लेव्हल' किंवा 'स्पीकर लेव्हल' टर्मिनल कामी येतात. अँप्लिफायरच्या ज्या टर्मिनलांना मुख्य स्पीकर जोडलेले आहेत त्यांनाच आणखी एक वायर जोडून ती सबवूफरकडे नेली जाते. येथे वायर स्पीकरची असली तरी सबवूफर तिच्यातून शक्ती ओढत नाही, फक्त सिग्नल घेतो, त्यामुळे बारीक स्पीकर वायरही पुरते. अँप्लिफायर क्लास डी किंवा ब्रिज प्रकारचा असेल तर मात्र सावध राहावे. अशा अँप्लिफायरमध्ये काळे टर्मिनल जमिनीच्या पातळीवर असेलच असे नाही, आणि दोन्ही बाजूंची काळी टर्मिनले एकत्र जोडली तर अँप्लिफायर बिघडू शकतो. तेथे दोन्ही यंत्रांच्या पुस्तिका सांगतील तसेच करावे.

संगणकाच्या ५.१ साउंड कार्डवरून सबवूफर चालवणाऱ्यांसाठी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. तेथे ३.५ मिलिमीटरच्या एकाच जॅकवर मधला स्पीकर आणि सबवूफर असे दोन ध्वनिपट असतात. त्यातून दोन आरसीए प्लग निघणारी केबल लावल्यावर सबवूफरमधून दबलेले संवाद ऐकू येऊ लागले, तर दुसरा प्लग लावून पाहावा.

पॅसिव्ह सबवूफरची वायर

येथे आवरणाचा प्रश्न संपतो आणि तांब्याच्या जाडीचा सुरू होतो. वायरीचा एकूण रोध सबवूफरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा व्यवहारातला संकेत आहे. ४ ओहमच्या सबवूफरसाठी ही मर्यादा ०.२ ओहम होते. सबवूफर १० मीटरवर असेल तर जाणारी आणि येणारी मिळून तार २० मीटर होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत हा रोध सुमारे ०.२३ ओहम भरतो, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.१४ ओहम. पहिलीमुळे होणारी घट साधारण अर्धा डेसिबल आणि दुसरीमुळे ०.३ डेसिबल आहे, म्हणजे या टोकाच्या उदाहरणातही फरक फार मोठा नाही, तरी २.५ चौरस मिलिमीटर घेतली की प्रश्न मिटतो. चार-पाच मीटरांसाठी दीडची पुरेशी आहे.

विकत घेताना वायर खरोखर तांब्याची आहे ना, एवढे मात्र पाहावे. ॲल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर दिलेली वायर वरून तशीच दिसते, पण तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या वायरीपेक्षा सुमारे दीडपट असतो. टोक सोलून एक-दोन तारा चाकूने खरवडल्या की आत चंदेरी रंग दिसतो. शुद्ध तांब्याच्या तारेवरही कधी कथलाचा चंदेरी मुलामा असतो, पण तो वरच्या बाजूला. खरवडल्यावर आत तांबूस दिसायला हवे. याउलट, ऑक्सिजनविरहित तांबे आणि विजेच्या वायरींचे नेहमीचे तांबे यांच्या वहनक्षमतेत जेमतेम एका टक्क्याचा फरक असतो, त्यासाठी वेगळी वायर शोधत बसण्याचे कारण नाही.

लांबी ठरवण्यापूर्वी जागा ठरवावी

केबल सर्वांत शेवटी विकत घ्यावी. खालच्या पट्टीतल्या लहरी खोलीच्या भिंतींवर आपटून काही ठिकाणी दुणावतात आणि काही ठिकाणी एकमेकींना खोडून टाकतात, त्यामुळे सबवूफर मीटरभर सरकवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही दोन केबलींमध्ये कधीच पडत नाही. जागा शोधण्याची जुनी आणि विश्वासार्ह युक्ती अशी: सबवूफर तात्पुरता बसण्याच्या जागेवर ठेवावा, बासच्या एकसारख्या ओळीचे गाणे लावावे आणि खोलीच्या कडेकडेने, कान जमिनीजवळ ठेवून फिरावे, जेथे बास सर्वांत एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येतो ती सबवूफरची जागा. हे काम करताना पाहणाऱ्याला माणूस वेडा वाटतो, त्याला इलाज नाही. या प्रयोगापुरती कोणाकडून तरी लांब केबल मागून आणावी.

जागा निश्चित झाली की केबल जेथून जाणार त्या वाटेने, भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीला वळसा घालून, फर्निचरच्या मागून, दोरी लावून मोजावे. त्यात मीटरभर जास्तीची लांबी धरावी, कारण रिसिव्हर साफसफाईसाठी पुढे ओढावा लागतो आणि सबवूफरही नंतर थोडाफार सरकतो. उरलेली केबल सैल वेटोळी करून ठेवावी, मुरडून किंवा घट्ट बांधून नव्हे. दोन आखूड केबली जोडणीच्या तुकड्याने सांधण्यापेक्षा एकच लांब केबल बरी, कारण प्रत्येक सांधा म्हणजे सैल होण्याची आणखी एक जागा. केबल भिंतीच्या आतून न्यायची असेल तर भिंतीत वापरण्यासाठी मान्यता असलेली घ्यावी आणि पाइप इतक्या व्यासाचा टाकावा की प्लगसकट केबल उद्या बदलता येईल. पाइपात ओढण्यासाठी एक जादा दोरीही सोडून ठेवावी.

केबल नेणे अगदीच अशक्य असेल तर बिनतारी संच मिळतात. त्यांचा सिग्नल पाठवणारा भाग रिसिव्हरच्या सबवूफर आउटपुटला आणि तो घेणारा भाग सबवूफरच्या इनपुटला जोडायचा असतो. त्यात दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. सबवूफरला विजेची वायर तरीही लागते. शिवाय सिग्नलला काही मिलिसेकंदांचा उशीर होतो. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून १५ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सबवूफर ५ मीटर मागे ठेवल्यासारखे होते. रिसिव्हरच्या मांडणीत सबवूफरचे अंतर तितके वाढवून लिहिले की इतर स्पीकर त्याच्यासाठी थांबतात. रिसिव्हर मायक्रोफोनने स्वतः मोजमाप करत असेल तर हे तो आपणहून करतो, आणि त्याने दाखवलेले अंतर प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त दिसले तरी ते दुरुस्त करू नये.

केबल जोडताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. आरसीए प्लगची रचनाच अशी आहे की त्याची मधली पिन सॉकेटला आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर, त्यामुळे चालू सबवूफरमध्ये प्लग खुपसला तर मधल्या क्षणात परतीचा मार्गच नसतो आणि कोनाला हादरवणारा धमाका होतो. जोडणी झाल्यावर सबवूफरचा आवाज मध्यावर ठेवावा. केबल एलएफई इनपुटला लावलेली असेल तर सबवूफरचे क्रॉसओव्हरचे (किती हर्ट्झपर्यंतचा आवाज वाजवायचा ते ठरवणारे) बटण बहुधा आपोआप निष्क्रिय होते. तसे नसेल तर ते शेवटपर्यंत, म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यावर फिरवावे, नाहीतर रिसिव्हर आणि सबवूफर असे दोघेही एकाच सिग्नलला कात्री लावतात आणि मधला पट्टा पातळ ऐकू येतो.